मेंदूविज्ञानाच्या पीएचडीला जाताय? आधी दाखला बघा

मार्कशीट, फोटो, आधार सांगत बसत नाही. ओबीसीतून अर्ज करणार असाल तर पहिलं काम नॉन-क्रीमीलेअरचं, तेही केंद्राच्या नमुन्यातलं. गेल्या वर्षी मी राज्याच्या नमुन्यातलं घेऊन मुलाखतीला गेले. कागद तपासणाऱ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, ‘भारत सरकार’ असलेली ओळ शोधली, ती नव्हतीच. माझा प्रवर्ग खोडून त्यांनी वर ‘जनरल’ लिहिलं. मुलाखत छान झाली होती, तरी निवड झाली नाही. वर्ष गेलं.

सेतूत नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर द्या’ म्हटलं की राज्याचंच मिळतं. केंद्राचं हवंय हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. राज्याच्या यादीत आहे म्हणून तिथे असेलच असं नाही. आणि तारीख! बहुतेक केंद्रीय संस्थांना चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा दाखला लागतो. मार्चमध्ये काढून निर्धास्त बसू नका.

आता पैशाचं. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास होणं आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळणं यात फार फरक आहे. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे एसआरएफला, म्हणजे तिच्याच वरच्या टप्प्याला, ४२,०००, घरभाडं वेगळं. २०२४ पासून नुसत्या नेटच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पण त्यासोबत फेलोशिप येत नाही. मानसशास्त्रवाल्यांनी गेट ही प्रवेश परीक्षाही द्यावी. २०२१ पासून तिच्या मानव्यविद्यांच्या पेपरात मानसशास्त्र आहे.

बंगळुरूची आयआयएससी, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), अलाहाबाद विद्यापीठातलं सीबीसीएस (वर्तन आणि बोधन विज्ञान केंद्र), कानपूर आणि गांधीनगरच्या आयआयटी: नावावर जाऊ नका, गाइड काय मोजतात ते बघा. ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत मोजण्यात, मिलिसेकंदांचा हिशोब लागतो. एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो आणि तो शिगेला पोचायला पाचेक सेकंद जातात. तुमच्या प्रश्नाला यातलं कोणतं लागतं, हे मुलाखतीत विचारतातच.

एक प्रयोग स्वतः करून न्या. मी सायकोपाय या प्रयोग बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी स्ट्रूप चाचणी केली होती: ‘लाल’ हा शब्द निळ्या अक्षरांत, शब्द न वाचता रंग ओळखायचा. दहा मैत्रिणींचे प्रतिसादवेळ आणि एक आलेख, एवढंच होतं. पॅनेलनं सर्वात जास्त वेळ त्यावरच घेतला: अमुक प्रतिसाद का गाळले, दहाच जणी का. पाठांतरानं ही उत्तरं येत नाहीत.

शिफारसपत्रं महिनाभर आधी मागा. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी जे येतं तेवढंच सांगा. तिकीट काढा.

निघायच्या आदल्या रात्री दाखला बाहेर काढा. नमुना केंद्राचा? तारीख १ एप्रिलनंतरची? मूळ प्रत? मग बॅग भरा.