रोजगार मेळाव्याला जाताय? निदान या चुका तरी करू नका

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरला आहे. रोजगार मेळाव्यात कंपनीचं टेबल मांडून बसायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. दर वेळी पोरं नवी असतात, घोळ मात्र तेच.

पहिला घोळ दारातच होतो. ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा’ या नावानं जे सरकारी मेळावे भरतात, त्यांची नोंदणी महास्वयंम पोर्टलवर करायची असते. आधार लागतं, मोबाईलवर ओटीपी येतो. पण नंबर वडिलांचा, वडील रानात आणि फोन घरी चार्जिंगला! मग पोरगं तासभर दारात उभं. ही नोंदणी घरी बसून, चहा पिता पिता होते. वर कोणत्या कंपन्या येणार, कुठली पदं आहेत, शिक्षण काय हवं, हेही तिथं आधीच दिसतं. मी कुणाला सांगायचं झालं तर एवढंच सांगतो, की आदल्या रात्री चार-पाच कंपन्यांची नावं कागदावर लिहा आणि आधी त्यांच्याकडेच जा. सगळी टेबलं फिरून पन्नास बायोडेटा वाटणाऱ्याला आम्ही लांबूनच ओळखतो.

दुपारी दोनला येऊ नका. जेवणानंतर निम्मी टेबलं गुंडाळायच्या बेतात असतात.

मित्रांचं टोळकं करून एकाच रांगेत उभं राहू नका. मुलाखतीत वडिलांना बोलू देऊ नका. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. सरकारी मेळाव्यात उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. कुणी ‘फॉर्म फी’ मागितली तर सरळ पुढं चला.

आता माझं खरं दुखणं. ‘जॉइनिंग कधी?’ हे सगळे विचारतात, ‘रोल कुणाचा?’, म्हणजे पगारपत्रकावर नाव कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हे कुणी विचारत नाही.

मराठवाड्यातल्या एका मेळाव्यात मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक मुलगा आमच्या टेबलाशी आला. हातात व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) दिला, रीडिंग अचूक. ड्रॉइंगही न अडखळता वाचलं. मी म्हटलं, पुढची फेरी प्लांटवर होईल, दोन आठवडे लागतील. शेजारच्या टेबलावर मात्र ‘अठरा हजार, सोमवारी हजर व्हा’ असा मामला होता. फलकावर नाव एका बड्या कंपनीचं, टेबल मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं. पोरगं तिकडं गेलं.

काही महिन्यांनी तोच आमच्या गेटवर पगाराची पावती घेऊन उभा. ते अठरा हजार सीटीसी होते, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) आणि बोनस, सगळं धरलेलं. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 15,000; त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, 12,000. बेसिकवर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440, ग्रॉसवर 0.75 टक्के ईएसआयसी म्हणजे 113, व्यवसाय कर 200. हातात 13,247. त्यातून कॅन्टीन, बस आणि कॉट बेसिसवरची खोली. शिवाय करार सात महिन्यांचा, मग ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत खंड. एव्हाना आमच्याकडची जागा भरली होती. मी तरी काय करणार?

ठेकेदाराकडची नोकरी वाईटच, असं मी म्हणत नाही. शॉप फ्लोअरचा अनुभव मिळतो, पीएफ खातं सुरू होतं. पण ती कायमची समजून गाव सोडू नका. तीच गोष्ट अप्रेंटिसशिपची: 1961च्या कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नव्हे, त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. 2024मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये हेसुद्धा शिक्षणानुसार मिळणारं विद्यावेतनच. शिकायला जा, जरूर जा. फक्त घरी ‘नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटण्याआधी कागद वाचा.

म्हणून टेबलावर हे विचाराच: पगार कुणाच्या नावानं निघणार, करार किती महिन्यांचा, सगळं कापून हातात किती, बस-कॅन्टीनचे पैसे वेगळे का. ‘असं विचारलं तर राग येईल’ म्हणतात पोरं. मला तरी येत नाही. उलट विचारणाऱ्याच्या बायोडेटावर मी पेनानं खूण करतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडं कशाला जाता?

बायोडेटा एक पान पुरे. सायबर कॅफेवाल्याकडच्या तयार नमुन्यात नाव घालून आणलेले बायोडेटा आम्हाला पाठ झालेत; सगळ्यांचे छंद ‘वाचन आणि क्रिकेट’. त्याऐवजी कुठलं मशीन चालवलं, कुठल्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणक प्रणालीवर), ते लिहा. आणि आत लिहिलेलं स्वतः एकदा वाचून या. ‘सीएनसी’ (संगणकावर चालणारं मशीन) लिहिलेल्याला जी-कोड, म्हणजे त्या मशीनला द्यायच्या सूचना, विचारला की तो छताकडं बघतो.

शेवटचं म्हणजे फोन. बायोडेटावर तोच नंबर द्या, जो चालू आहे आणि तुमच्याच खिशात आहे. रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडलेले नंबर प्रत्येक यादीत निघतात. आमचा फोन बऱ्याचदा ऑफिसच्या लँडलाइनवरून येतो, 02135नं सुरू होणारा. तो अनोळखी म्हणून कापू नका. दोनदा उचलला गेला नाही, की आम्ही यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतो.