परदेशात कर्फ्यू लागला आणि हातातले पैसे संपले तर : बडोदेकरांसाठी तयारी आणि तोडगे

बांगलादेशात 18 जुलै 2024 ला इंटरनेट बंद पडलं आणि दुसऱ्या रात्रीपासून कर्फ्यू लागला. नेपाळात 9 सप्टेंबर 2025 ला काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. अशा वेळी खात्यात पैसे असतात, पण हातात येत नाहीत. दुकानातलं कार्डाचं मशीन मोबाइल डेटावर चालतं, त्यामुळे नेट गेलं की तेही गेलं. एटीएम चालू असलं तरी त्यात नोटा भरणारी गाडी रस्त्यावर येत नाही आणि असतील त्या नोटांसाठी स्थानिक लोक आधीच रांगेत असतात. नेपाळात क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं, पण त्यालाही नेट लागतंच. चालते ती फक्त रोकड.

म्हणून रोकड किती आणि कशी न्यायची, इथून सुरुवात करा. हिशोब सोपा आहे: पाच दिवसांचं साधं राहणं-जेवण, अधिक विमानतळापर्यंत किंवा सीमेपर्यंत जायचं दुप्पट भाडं. बहुतेक आशियाई देशांत माणशी 300 डॉलरमध्ये हे बसतं. पण 100च्या तीन नोटा घेऊ नका. कर्फ्यूत सुट्टे कोणी देत नाही आणि टॅक्सीवाला अख्खी नोट ठेवून घेतो. 20च्या दहा, 10च्या पाच, 5च्या सहा आणि 1च्या वीस अशा मागा. अलकापुरी-सयाजीगंजातल्या अधिकृत मनीचेंजरकडे छोट्या नोटा लगेच मिळतीलच असं नाही, तेव्हा चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून पाहा. शिक्का मारलेली, कोपरा फाटलेली, जुन्या छपाईची नोट बदलून घ्या, कारण तिकडचा दुकानदार ती परत करतो. एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत रोख नेता येते, त्यामुळे 300 नेण्यात नियमाची अडचण नाही. पावती मात्र जपून ठेवा.

नेपाळचं गणित वेगळं. तिथे भारतीय रुपया 1.60 नेपाळी रुपये या ठरलेल्या दराने चालतो आणि शंभरची नोट सगळ्यात बिनतक्रार घेतली जाते. शंभराच्या नोटांचं एक बंडल, म्हणजे 10,000 रुपये, तिथले 16,000 होतात. पाचशेच्या नोटांच्या भरवशावर जाऊ नका.

पैसे तीन ठिकाणी ठेवा: थोडे पाकिटात, बरेचसे अंगावर कपड्यांच्या आत, उरलेले नवरा-बायकोपैकी दुसऱ्याकडे. सगळं हॉटेलच्या तिजोरीत ठेवणं ही इथली नेहमीची चूक. बाहेर असताना रस्ते बंद झाले तर हॉटेलपर्यंतच पोहोचता येत नाही.

कार्डाबाबत एकच गोष्ट, पण ती निघण्याआधीच करायची. 2020च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर दिलेली नवी कार्डं सुरुवातीला फक्त भारतातच चालतात. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात, आणि तिकडे नेट गेल्यावर ते करता येत नाही. ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ठेवा. नुसत्या एसएमएससाठी डेटा पॅक घ्यावा लागत नाही. फॉरेक्स कार्डासोबत, म्हणजे परकीय चलन आधीच भरलेल्या कार्डासोबत, जादा कार्ड मिळालं असेल तर ते वेगळ्या बॅगेत ठेवा. घरच्या माणसाला कार्डात पैसे भरता येतील का आणि त्यासाठी ए-2 फॉर्मवर (परकीय चलन घेताना भरायचा अर्ज) आधी सही लागेल का, हे बँकेत जाऊनच विचारा.

आता घरची बाजू. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. मुलगी ढाक्यात अडकली आहे असं कळलं की वडील रावपुऱ्यातल्या वेस्टर्न युनियनच्या काउंटरवर पैसे पाठवायला धावतात आणि तिथे कळतं की ही सेवा भारतात पैसे येण्यासाठी आहे, इथून बाहेर जाण्यासाठी नाही. भारतातून परदेशी पैसा जातो तो बँकेमार्फत, समोरच्याच्या खात्यात, आणि अडकलेल्या प्रवाशाचं तिथे खातं नसतं.

तोडगा आपल्या बडोद्याच्या घरांतच असतो. बहुतेकांचं कोणी ना कोणी न्यू जर्सीत, लंडनमध्ये नाहीतर दुबईत असतं. त्या भाच्याने किंवा चुलतभावाने तिकडून वेस्टर्न युनियनच्या ॲपवर पैसे पाठवले की अडकलेल्या माणसाला एजंटकडे पासपोर्ट आणि एमटीसीएन नावाचा दहा आकडी नंबर दाखवून रोख मिळते. ही रक्कम सहसा काही मिनिटांतच तयार असते. खोडा पडतो तो नावात. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडलेलं असतं. पाठवणाऱ्याने घरी हाक मारतात ते नाव आणि आडनाव एवढंच टाकलं, तर काउंटरवरचा माणूस पैसे देत नाही. म्हणून पासपोर्टच्या पानाचा फोटो त्या नातेवाइकाकडे आधीच पाठवून ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरायला सांगा. भाच्याला जाण्याआधी फोन करून विचारणं हीसुद्धा तयारीच आहे. कर्फ्यूच्या रात्री त्याला झोपेतून उठवून सगळं समजावत बसायला वेळ नसतो.

नेपाळसाठी आणखी एक रस्ता आहे. भारतातून तिथल्या बँक खात्यात एनईएफटीने एका वेळी 2 लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. हॉटेलमालकाचं खातं चालेल, पण आधी त्याच्याशी बोलून बिल आणि रोख किती ते ठरवा. बँका बंद असल्या तर हे पैसे वाट पाहत राहतील.

प्रत्यक्ष अडकलात तर पहिलं काम हातातली रोकड मोजणं आणि तिला दिवसांनी भागणं. मग हॉटेलशी बोला: कार्ड चालू होईल तेव्हा पैसे देऊ, तोवर पासपोर्टची झेरॉक्स ठेवा. मूळ पासपोर्ट तारण देऊ नका, अचानक निघायची वेळ आली तर तो हातात हवा. हॉटेल सरकारी इमारती किंवा संसदेजवळ असेल तर स्वस्त, आतल्या गल्लीतल्या जागी हला. काठमांडूत त्या सप्टेंबरात हिल्टनसारखं मोठं हॉटेल जाळलं गेलं होतं. पाणी, बिस्किटं, नेहमीची औषधं कर्फ्यू सैल होईल त्या तासांत घ्या. मोर्च्याचे फोटो काढायला बाहेर पडू नका.

नेट नसलं तरी साधा फोन आणि एसएमएस बऱ्याचदा चालतात. नंबर कागदावर लिहिलेले हवेत. घरच्या लँडलाइनला नेपाळ-बांगलादेशातून 0091-265 लावून फोन लागतो.

भारतीय दूतावासाला फोन करताना एका दमात सांगायच्या गोष्टी: पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट नंबर, नेमका पत्ता, किती माणसं, कोण आजारी, औषध किती दिवसांचं, पैसे किती दिवसांचे, आणि बडोद्यातल्या एका माणसाचा नंबर. काठमांडूत दूतावास लैनचौरला आहे. बांगलादेशात ढाक्याशिवाय चितगाव, राजशाही, सिल्हेट आणि खुलना इथेही आपली कार्यालयं आहेत, तेव्हा जवळचं गाठा. खरोखर निराधार झालेल्या भारतीयांसाठी 2009 पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. त्यातून राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट मिळू शकतं, पण गरज तपासूनच. घरून पैसे येऊ शकत असतील तर त्या निधीवर हक्क सांगू नका, तो मजूर आणि विद्यार्थ्यांना जास्त लागतो. पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसांचा अहवाल घेऊन इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा. ते फक्त भारतात परतण्यासाठी चालतं.

विमान रद्द झालं तर तिकीट स्वतःहून रद्द करू नका. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान मागता येतं, तुम्ही केलंत तर दंड बसतो. प्रवास विम्यात दंगल आणि युद्ध बहुधा वगळलेलं असतं, म्हणून पॉलिसीतला अपवादांचा भाग घेण्याआधीच वाचा.

रस्त्याने यायचं ठरलं तर दूतावासाला विचारूनच निघा. कर्फ्यू सैल असताना, दिवसा, आणि भाडं अर्धं आधी, अर्धं सीमेवर असं ठरवून. बांगलादेशातून 2024 मध्ये बरेच विद्यार्थी आखौरामार्गे आगरतळ्याला आणि दावकीमार्गे मेघालयात आले. नेपाळातून सीमेवरचं सुनौली गाठलं की गोरखपूरहून रेल्वे मिळते. नेपाळात येण्याजाण्यासाठी 15 ते 65 वयाच्या माणसांचं आधार कार्ड ओळखपत्र म्हणून धरत नाहीत, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. यात्रा कंपनीच्या बसने जाणारे बडोद्यातले 65च्या आतले बरेच ज्येष्ठ नागरिक फक्त आधार घेऊन निघतात. त्यांच्या पिशवीत मतदार ओळखपत्र आहे का, ते निघताना एकदा उघडून पाहा.