‘पोलिओच्या विषाणूने ब्रेन ट्यूमर बरा’ असा मेसेज आला तर

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहायिका होते. पल्स पोलिओच्या रविवारी किती बाळांच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि किती करंगळ्यांना शाई लावली, याची मोजदाद नाही. अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला आक्रमक कॅन्सर, निघाला. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) सुरू झाले आणि एका रात्री भाच्याने पुण्याहून व्हिडिओ पाठवला. “आत्या, हे बघ. अमेरिकेत पोलिओचाच विषाणू गाठीत सोडतायत. तुला यातलं कळतं, तूच सांग काय करायचं.”

मला यातलं अर्धंच कळत होतं. उरलेलं अर्धं महिनाभर बसून शिकले. तुमच्या घरी असाच व्हिडिओ आला असेल, तर माझा महिना तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी एक तातडीचं. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, “ताई, मग केंद्रावरची उरलेली बाटली आणून पाजा की.” असं कुणी बोललं तर तिथेच थांबवा. तोंडातून दिलेले थेंब आतड्यात काम करतात, मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचत नाहीत. शिवाय टेमोझोलोमाइड (या कॅन्सरच्या केमोची गोळी) आणि स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. त्याला जिवंत लस द्यायची नसते.

आता त्या व्हिडिओतली गोष्ट. ती नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम गावची, ड्यूक विद्यापीठातली आहे. मथियास ग्रोमायर या शास्त्रज्ञाने आपल्या थेंबांतलाच साबिन टाइप १ विषाणू घेतला आणि त्याच्या जनुकांतला एक तुकडा काढून तिथे सर्दीच्या विषाणूचा तुकडा बसवला. त्यामुळे तो मेंदूच्या निरोगी पेशीत वाढू शकत नाही. गाठीच्या पेशींवर मात्र पोलिओच्या विषाणूला चिकटायला लागणारी सीडी१५५ नावाची खूण भरपूर असते. तिथे तो शिरतो, पेशी मारतो आणि शरीराची संरक्षक फौज तिकडे ओढून आणतो. कवटीला छिद्र पाडून बारीक नळीने जेमतेम तीन मिलिलिटर द्रव साडेसहा तास हळूहळू सोडतात. आणि त्याच्या किमान आठवडाभर आधी रुग्णाला पोलिओचं, मेलेल्या विषाणूच्या लशीचं, इंजेक्शन देतात! हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पण बरोबर आहे, बाकीचं शरीर आधी राखून ठेवायचं.

आता खरं काम, आकडे वाचणं. बातमीत ‘काही रुग्ण बरे झाले’ असं असेल तर वही घ्या आणि तीन प्रश्न लिहा. किती जणांपैकी? किती दिवसांनी? कुणाशी तुलना करून?

ड्यूकचं उत्तर २०१८ मध्ये छापून आलं. गाठ परत उलटलेले ६१ रुग्ण. तीन वर्षांनी २१ टक्के जिवंत होते. याच निकषांत बसतील अशा जुन्या रुग्णांत हे प्रमाण ४ टक्के होतं. पाचपट! पण मधला आकडा बघा. निम्मे रुग्ण १२.५ महिन्यांच्या आत गेले, जुन्या रुग्णांत ११.३ महिने. म्हणजे बहुतेकांना फारसा फरक नाही आणि थोड्यांना खूप मोठा. शिवाय तुलना जुन्या कागदांशी, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांत नाही.

हा शेवटचा मुद्दा मी का धरून बसते? टोका ५११ नावाचा दुसरा एक विषाणू होता. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत त्याचंही कौतुक झालं होतं. मग ४०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. विषाणूचा गट ११.१ महिने, नेहमीच्या उपचाराचा गट १२.२ महिने. तिथेच तो संपला. त्याचा व्हिडिओ मात्र कुणी पाठवत नाही.

जपानमध्ये एका विषाणूला मान्यताही मिळाली आहे. टोकियो विद्यापीठाच्या तोमोकी तोदो यांनी तोंडावर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूत तीन ठिकाणी बदल केले. जून २०२१ मध्ये तिथल्या सरकारने तो औषध म्हणून वापरायला सशर्त आणि ठरावीक मुदतीची परवानगी दिली. गाठीत थेट सुई, जास्तीत जास्त सहा वेळा. ज्या अभ्यासावर ही परवानगी मिळाली त्यात १९ रुग्ण होते आणि वर्षभराने ८४.२ टक्के, म्हणजे १९ पैकी १६ जिवंत होते. टक्के ऐकले की छाती फुगते, माणसं मोजली की भानावर येतो.

पुढे चाचण्यांच्या नोंदवहीत शोधा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर असतात, जगभरातल्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर. पहिल्यांदा बघायचं ते ‘रिक्रूटिंग’, म्हणजे रुग्ण घेणं चालू आहे, असं लिहिलंय का. आम्हाला आलेला व्हिडिओ ज्या चाचणीचा होता, तिथे रुग्ण घेणं २०१७ लाच थांबलं होतं. मग ‘एलिजिबिलिटी’चा, म्हणजे चाचणीत कोण बसतो त्याचा, भाग डॉक्टरांना घेऊन वाचा. ड्यूकला गाठ एकच हवी होती, एक ते साडेपाच सेंटिमीटरची, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपासून लांब आणि रुग्ण आपलं आपण आवरणारा. आणि चाचणीतल्या औषधाचे कुणी लाखांत पैसे मागितले तर उठून या.

फाइल मात्र पहिल्याच आठवड्यात करा, नंतर धावपळ होते. एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी मागा. ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि त्यात आयडीएच व एमजीएमटी या गाठीच्या जनुकांच्या तपासण्या झाल्यात का ते. काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक कुठे आहे हे विचारून ठेवा. आमचा ब्लॉक एका लॅबमध्ये ‘सापडत नाही’ म्हणून मी तीन चकरा मारल्या, चौथ्यांदा डबा घेऊनच जाऊन बसले, तेव्हा सापडला. डेक्साच्या (सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्यांचा रोजचा डोस तारखेसकट लिहा. डोस फार असेल तर बऱ्याच चाचण्या रुग्ण घेत नाहीत, पण म्हणून आपल्या मनाने गोळी कमी करायची नाही, मेंदूला सूज येते. आणि विषाणूची वाट बघत शेक थांबवायचे नाहीत.

अण्णाच्या रिपोर्टमध्ये गाठी दोन ठिकाणी होत्या. म्हणजे चाचणी चालू असती तरी तो बसला नसता. मी त्याला ते सरळ सांगितलं. तो म्हणाला, “लहानपणी मी थेंब घेतले नव्हते. आताही सुटलो तुझ्या तावडीतून.” दुसऱ्या दिवशी शेकाची एकोणिसावी बैठक होती, म्हणून साडेपाचची एसटी धरायची होती. मी फाइल पिशवीत घातली आणि दिवा मालवला.