एका सिरिंजमध्ये दोन इन्सुलिन: आधी पाण्यासारखं, मग दुधाळ

आधी सिरिंजचं टोपण बघा. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीची असते. तिची सिरिंज लाल टोपणाची, यू-४०. नारिंगी टोपण म्हणजे यू-१००. पेठेत घ्या की हडपसरला, काउंटरवर नुसतं 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हणू नका, बाटली दाखवा. ४० च्या बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी चूक जिवावर बेतू शकते: १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत म्हणजे ५० युनिट. इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज (आतली औषधाची नळी) १०० चं असतं, म्हणून त्यातून सिरिंजने औषध ओढायच्या भानगडीत पडायचं नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर रेग्युलर (पाण्यासारखं) आणि एनपीएच (दुधाळ) एकत्र घेता येतं. ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) आम्लधर्मी असतं, ते कशातच मिसळत नाहीत. ३०/७० (३० टक्के रेग्युलर, ७० टक्के एनपीएच) तर मिसळूनच आलेलं असतं.

समजा डोस ८ रेग्युलर, १४ एनपीएच. बेरीज २२, कागदावर लिहून समोर ठेवा. हात धुवा, दोन्ही रबरी बुचं स्पिरिटने पुसून वाळू द्या. दुधाळ बाटली तळहातांत वीसेक वेळा घोळवा. खळखळवली तर फेस होतो. गाठी राहिल्या किंवा काचेला आतून पांढरे कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली बाद. रेग्युलर गढूळ दिसलं तर तेही.

१४ पर्यंत हवा ओढून दुधाळ बाटलीत सोडा, सुई औषधाला लागू न देता, आणि बाहेर काढा. मग ८ हवा रेग्युलरमध्ये सोडा, बाटली उलटी करून ८ युनिट ओढा. बुडबुडा आला तर टिचकी मारून वर आणा, बाटलीतच ढकला, पुन्हा ८ भरा. बुडबुडा अंगाला बाधत नाही, पण तेवढं औषध कमी जातं. शेवटी दुधाळ बाटली उलटी धरून दट्ट्या सावकाश २२ वर आणा. इथे २३ झालं किंवा बुडबुडा शिरला, तर परत ढकलायचं नाही. सिरिंजमध्ये आता मिश्रण आहे. सगळं टाकून नवी सिरिंज घ्या. जीवावर येतं, पण इलाज नाही. बरोबर भरलं असेल तर लगेच टोचा.

क्रम चुकला की एनपीएचमधलं प्रोटामाइन (त्याचं काम मंद करणारं प्रथिन) रेग्युलरच्या बाटलीत जातं आणि झटकन काम करणारं ते औषध मंदावतं. बिघडते अख्खी बाटली, एक डोस नव्हे.

सुई वेगळी लावायची साधी सिरिंज यासाठी नको. तिच्या तोंडाशी उरलेल्या जागेत पहिलं औषध मापाबाहेर भरतं आणि प्रमाण बदलतं.

उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती फ्रीजमध्येच बरी, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब; गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. फ्रीज नसेल तर डबीत घालून माठात ठेवा.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका, झाकणाला चिकटपट्टी लावा, वर ठळक 'सुया' लिहा. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तो डबा सांगून, वेगळा हातात द्या. त्या कचरा हातानेच निवडतात.