दोन चार्जरच्या इंजिनातील आवाज आणि धूर

फोक्सवॅगनने 2005 मध्ये गोल्फ जीटीत आणलेल्या 1.4 टीएसआय इंजिनात पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर आणि एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा टर्बो हे इंजिनात जादा हवा ढकलणारे दोन्ही चार्जर एकत्र असल्यामुळे आवाजाचे मूळ शोधताना तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर येतो, हे आधी नोंदवावे. जोर दिल्यावर सुपरचार्जर मिनिटाला सुमारे 3,500 फेऱ्यांपर्यंतच साहाय्य करतो. म्हणून त्याखाली येणारी आणि त्यानंतर थांबणारी कुई सुपरचार्जरची असण्याची शक्यता अधिक, आणि थोडी कुई तर स्वाभाविकच असते. त्याला चालू-बंद करणारा चुंबकीय क्लच पाण्याच्या पंपाला जोडलेला असल्याने तिथली खरखर तपासताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गळतीही पाहावी. फेऱ्या वाढल्यावरही टिकणारी तीक्ष्ण शीळ टर्बोचे बेअरिंग किंवा फाटलेला होज (हवेची नळी) सुचवते. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण होणारा खडखडाट मात्र बहुधा टायमिंग चेनचा (झडपांची उघडझाप वेळेवर राखणाऱ्या साखळीचा) असतो. तो ऐकूनही गाडी चालवत राहणे मला धोक्याचे वाटते.

निळसर धूर म्हणजे जळणारे तेल. त्यासाठी थेट टर्बो बदलू नये. या इंजिनात पिस्टन तडकल्याची उदाहरणे असल्याने आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजावे, मगच होज काढून टर्बोच्या दांड्याची हालचाल आणि तेलाचे ओघळ पाहावेत. गोडसर वासाचा, न विरणारा पांढरा धूर कूलंटचा, तर काळा धूर जादा पेट्रोलचा असतो.