मागच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत? नाशिकमध्ये ट्रकवर पुन्हा काम कसं मिळवायचं

दोन-तीन वर्षांत चार गाड्या बदलल्या, एका मालकाशी उचलीवरून वाजलं, मध्ये काही महिने घरीच बसून काढले. असे ड्रायव्हर नाशिकच्या लाईनीत पैशाला पासरी सापडतील. तरीही आडगावच्या ट्रक टर्मिनलवर ड्रायव्हरवाचून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतातच. मालकाला गाडी बदलणाऱ्या माणसाचं फारसं वावडं नसतं. त्याच्या पोटात गोळा येतो तो दुसऱ्याच कारणाने: हा भरली गाडी वाटेत सोडून तर जाणार नाही ना? न्हावा शेवाला निघालेला द्राक्षांचा कंटेनर इगतपुरीच्या ढाब्यावर बेवारस उभा राहिला, तर माल जातो आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही जातं. काम मागायला निघताना ही शंका कशी फेडायची, एवढाच विचार डोक्यात ठेवा.

पहिलं काम: लायसन

मालक आधी लायसन मागतो, कारण ड्रायव्हरचं लायसन बाद निघालं तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आपला लायसन नंबर टाकून मुदत संपली आहे का, निलंबन आहे का, हे घरूनच बघता येतं. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत आता ५ वर्षं असते. ती संपून १ वर्ष उलटलं नसेल तर नूतनीकरण होतं. त्याहून जास्त झालं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. नूतनीकरणाला डॉक्टरचा १-ए नमुन्यातला दाखला लागतो. चष्मा लागला असेल तर आधी करून घ्या, मग पेठ रोडला आरटीओत जा.

जड वाहनाचं लायसन लटकलंय, पण हलक्या वाहनाचं चालू आहे, अशांनी हात बांधून बसू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअप तुम्हाला मोकळे आहेत. दहा टायर चालवलेल्या माणसाला पिकअपवर बसणं कमीपणाचं वाटतं, हे मला कळतं. पण घरी बसल्यापेक्षा पिकअपवरचे चार महिने पुढच्या मालकाला सांगायला बरे पडतात.

दुसरं काम: जुनी उचल मिटवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच मार खातात. नाशिकची लाईन मोठी दिसते, पण अंबडचा ट्रान्सपोर्टवाला सिन्नरच्या मोटार मालकाला ओळखतो आणि दोघंही द्वारका चौकातल्या एकाच स्पेअर पार्टवाल्याकडे उधारीवर माल घेतात. तुम्ही ऑफिसातून बाहेर पडलात की नवा मालक तुमच्या जुन्या मालकाला फोन लावणारच. तिकडून पहिलं वाक्य येतं ते गाडी चालवण्याबद्दल नसतं. ‘माझे एवढे पैसे अडकलेत त्याच्याकडे’ असं येतं.

म्हणून त्याच्या आधी तुम्हीच जुन्या मालकाला फोन करा. जमलं तर समोर जा. घेतलेली उचल, कापलेले दिवस, पोच पावती न दिल्यामुळे अडकलेलं भाडं, सगळं एका कागदावर मांडा. ई-चलन गाडीच्या नावावर येतं, पण जुना मालक ते तुमच्या खात्यावर धरून बसलेला असतो. कुठलं चलन कोणत्या तारखेचं, ती गाडी तेव्हा तुमच्याकडे होती का, हे तपासा. बाकी एकदम फिटत नसेल तर हप्ते ठरवा आणि पहिला हप्ता तिथल्या तिथे द्या. मालकाचीच चूक असेल, पगार त्यानेच बुडवला असेल, तरी भांडायला जाऊ नका. ‘तुमचा-माझा हिशेब झाला, कुणाचा फोन आला तर तेवढं सांगा’ इतकं त्याच्याकडून कबूल करून घेतलंत तरी मोठी गोष्ट.

तिसरं काम: काय बोलायचं ते ठरवा

लांबण लावू नका. खोटं तर मुळीच नको, कारण फोन होणार आहे. साधारण असं बोलणं व्हावं:

‘मागची गाडी कुठं होती?’
‘सिन्नरला, शेठ. चौदा टायर, गुजरात लाईन. सात महिने चालवली.’
‘सोडली कशाला?’
‘उचलीवरून वाद झाला. गाडी त्यांच्या दारात लावून किल्ली हातात दिली. हिशेब आता मिटलाय. हा त्यांचा नंबर, विचारून घ्या.’

नंबर तुम्ही स्वतःहून दिलात की अर्धं काम तिथेच होतं. गाडी खरंच वाटेत सोडली असेल तर तेही सांगा, कारणासकट: घरी कुणी आजारी होतं, मालक चार दिवस डिझेलचे पैसे टाकत नव्हता, जे असेल ते. ‘मालक लोक असेच असतात’ हे वाक्य मात्र तोंडातून निघू देऊ नका. समोर बसलेलाही मालकच आहे.

अपघाताची केस चालू असेल तर एफआयआरची प्रत आणि पुढची तारीख जवळ ठेवा. तारखेला सुट्टी लागेल हे आधीच सांगून टाका. केस नसेल तर पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून काढता येतं, कंपनीच्या मालावर जाणाऱ्यांना ते उपयोगी पडतं. दारूची बदनामी असेल तर त्याला कागद नाही. तिथे रोज घरी परतणारी लोकल गाडी मागावी आणि माणसांना बघू द्यावं.

चौथं काम: हंगाम बघून जा

सगळ्यांचं सुरळीत चाललंय तेव्हा मालक निवड करत बसतो. गरज पडली की तोच अटी सोडतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, त्यातच लासलगाव-पिंपळगावचा कांदा, पावसाळ्याच्या अखेरीला पिंपळगावचा टोमॅटो. होळीला आणि छटपूजेला उत्तरेकडचे ड्रायव्हर गावी जातात, तेव्हा बदली ड्रायव्हर म्हणून एका फेऱ्यासाठीही बोलावतात. बदलीचा फेरा नीट झाला की कायमचं काम पुष्कळदा आपणहून विचारलं जातं. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या हायवा म्हणजे डंपर आणि काँक्रीट मिक्सरवरही माणसं लागतात. तिथे धूळ फार, पण रात्री घरी.

सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांच्या गेटवर थेट जाऊ नका, तिथला सुरक्षारक्षक आत सोडणार नाही. त्यांचा माल उचलणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव गेटवरच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारा. दोन-तीन गाड्यांचा छोटा मालक सर्वांत बरा: तो स्वतः बोलतो आणि स्वतः ठरवतो.

पाचवं काम: ट्रायल

शेजारी मालकाचा जुना ड्रायव्हर बसतो. तुम्ही गियर कसा बदलता याच्या आधी तो बाकीचं बघत असतो. केबिनमध्ये चढण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा, टायर ठोकून बघा, जोड टायरमध्ये दगड अडकलाय का बघा, ऑईल आणि पाणी तपासा, ताडपत्रीचा दोर ताणून बघा. स्टार्टर मारल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबा. इथे घाई करणाऱ्याला ब्रेकची समज नाही, असं तो मनात धरतो. रिव्हर्सला अंदाज येत नसेल तर खाली उतरून बघा, त्यात लाज नाही. घाटाचा प्रश्न येणारच: कसाऱ्याला किंवा राहुड घाटात कुठल्या गियरवर उतरता? भरली गाडी खालच्या गियरवरच उतरते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतो म्हणणाऱ्याला मालक चहा पाजून घरी पाठवतो.

काम ठरताना

पगार, फेऱ्याचा भत्ता, टोल-हमाली कुणाची, ॲव्हरेज कमी पडलं तर कापणार का, हे आधी बोला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. मालकाचं ‘ठीक आहे’ आलं तरी पुरे. मूळ लायसन गहाण ठेवू नका. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं लायसन दाखवायलाही कायद्याने चालतं. गाडी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला हात जोडा. पहिल्या महिन्यात उचल घेऊच नका. घ्यावीच लागली तर डायरीत तारीख घालून मालकाची सही घ्या.

एका गाडीवर वर्षभर टिकलात की लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागा. त्या कागदावर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतले टँकर मागता येतात. त्यासाठी धोकादायक मालाचं ३ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसनवर नोंद करून घ्यावी लागते.