कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यावर रोजचं आयुष्य परत कसं लावायचं

सगळ्यात आधी फाईल. शेवटचं रेडिएशन झालं की त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून ट्रीटमेंट समरी लिहून मागा, नंतर बघू म्हणू नका, कारण नंतर डॉक्टर बदलतात, गाव बदलतं आणि आपल्यालाही नावं आठवत नाहीत. त्यात काय हवं तर ऑपरेशनमध्ये काखेतल्या किती गाठी काढल्या, केमोची औषधं कुठली आणि एकूण डोस किती गेला, रेडिएशन कुठल्या बाजूला आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) दिलं. ते लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन घेतलं असेल तर त्याचा हृदयावरचा परिणाम कधीकधी खूप वर्षांनी दिसतो, आणि तेव्हा दम लागतो म्हणून तुम्ही भलत्याच डॉक्टरसमोर बसलेले असाल तर त्यांना हे कळायलाच हवं. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने, कुणाकडे आहेत तेही विचारा. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या अजून एकाच्या मोबाईलवर ठेवा.

मी ब्रेस्ट कॅन्सरवाली, म्हणून उदाहरणं तिकडची जास्त येतील. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दात काढायचा झाला तर डेंटिस्टला रेडिएशनबद्दल आधी सांगायचं, कितीही वर्षं झाली असली तरी, कारण जबड्याचं हाड भरून येत नाही आणि प्रकरण फार वाढतं.

आता थकवा. हा झोप काढली की जाणारा थकवा नाही. घरचे मायेने म्हणतात पड जरा, सासूबाई हातातलं काम काढून घेतात, आणि मी खरंच दोन महिने पडून राहिले, पण जितकी पडले तितकी गळत गेले. मग फिजिओने सांगितलं, बिल्डिंगच्या खाली १० मिनिटं चाला, रोज, बाकी काही करू नका. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत जाऊन कट्ट्यावर बसायचे. तिथून आमच्या पुण्यातल्या कमला नेहरू पार्कच्या दोन फेऱ्या, मग तळजाई टेकडीवरचा सपाट रस्ता. मोजायचं कसं, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना झालं तर काल जास्त झालं, तेवढी मिनिटं कमी करायची, बंद मात्र करायचं नाही. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं आणि दोन दिवस हातापायांना ताकदीचा व्यायाम, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी सुरू केलं तरी चालतं. हाडांत आजार असेल, हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सकाळी चाला, संध्याकाळी कर्वे रोडच्या धुरात नको. टेकडीवर पहिले काही महिने एकट्याने नको, सोबत कुणीतरी हवं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी सातव्या महिन्यात चढले, मध्ये चार वेळा बसून, आणि वर पोचल्यावर मला रडू आलं.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने पावलं बधिर झाली असतील तर आधी चपलांचं बघा, पायातून निसटणारी स्लिपर नको, मागे पट्टा असलेली घ्या. पावसाळ्यात जिन्यातली फरशी ओली असते आणि पायाला कळतच नाही. रात्री तळवे उजेडात बघायचे, आंघोळीचं पाणी पायावर घ्यायच्या आधी कोपराने तपासायचं.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून तो हात जपायचा, पण जपायचा म्हणजे गळ्यात अडकवून ठेवायचा नाही, ही चूक मी केली आणि खांदा आखडला. हळूहळू वाढवत नेलेलं वजन चालतं, एकदम मंडईतून भरलेल्या दोन पिशव्या त्याच हाताने उचलून आणणं नको. भांडी घासताना, कुंडीतल्या गुलाबाला हात लावताना ग्लोव्ह घाला, पोळ्या करताना चटका बसला तर लगेच थंड पाण्याखाली धरा. बीपी आणि रक्त शक्यतो दुसऱ्या हातातून, हे दरवेळी आपणच सांगायचं. सूज बहुतेक बांगडीला आधी कळते, रोजची बांगडी घट्ट वाटायला लागली किंवा ब्लाऊजची बाही आवळली तर शिंपीणबाईंकडे न जाता फिजिओकडे जा, लवकर गेलं तर आटोक्यात राहते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

खाण्याबद्दल इतके सल्ले येतात की जेवण नको होतं. साखरेचा एक दाणा पोटात गेला की कॅन्सर परत येतो असं काही नसतं, पण ट्रीटमेंटमध्ये वजन वाढतं, माझं ९ किलो वाढलं, म्हणून गोड कमी. ज्वारीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, दही, चालत असेल तर अंडी-मासे, आणि ताटात भाजी भाकरीपेक्षा जास्त. उपवासाच्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, त्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. भाजीतली हळद खुशाल खा, हळदीच्या कॅप्सूल मात्र मनाने नको, आणि गुळवेलीचा काढा तर विचारल्याशिवाय नकोच, कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस नोंदवल्या होत्या. दारू बंद. तंबाखू, मिश्री बंद, आणि नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसलेली सुपारी पण कॅन्सर करते. गावाकडच्या मावश्यांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

ब्रेस्ट कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी ५ वर्षं, काहींना १० वर्षंही घ्यावी लागते. लेट्रोझोलने सांधे धरतात, सकाळी बोटं मिटत नाहीत, आणि बायका कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. असं करू नका. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, आणि चालण्याने आखडणं कमी होतं. लेट्रोझोलने हाडंही ठिसूळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची ताकद बघायची तपासणी, कधी करायची ते विचारा. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं किंवा एक पिंढरी सुजून दुखायला लागली तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं.

राहिली भीती. डोकं दुखलं की कॅन्सर तिकडे गेला का, पाठ दुखली की तिकडे गेला का, हे सगळ्यांना होतं. मला नर्सने सांगितलेली पद्धत उपयोगी पडली, दुखणं नवीन असेल तर वहीत तारीख टाकायची, दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत गेलं तर फोन करायचा, आणि गाठ लागली, दम लागला, रक्त गेलं तर दोन आठवडे बिठवडे नाही, लगेच. काही त्रास नसताना दर थोड्या महिन्यांनी पेट स्कॅनचा हट्ट धरू नका, ब्रेस्टमध्ये त्याने फायदा होत नाही, नियमित तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी हे चुकवू नका. रात्री झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर काउन्सेलरकडे जा, ती पण ट्रीटमेंटच आहे.

फॉलोअपला जाताना वही न्या आणि एक माणूस न्या, नवरा, बहीण, मैत्रीण, कुणीही. आत गेल्यावर आपल्याला निम्मं ऐकूच येत नाही. प्रश्न आदल्या रात्री लिहा, सगळ्यात लाज वाटणारा प्रश्न सगळ्यात वर, पाळीचा असो, नवऱ्याबरोबरच्या संबंधांचा असो, लघवीचा असो, कारण शेवटी ठेवलेला प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मग पुढचे सहा महिने तो आपल्याबरोबर घरी असतो.